चौकटीत न बसणारं इंजिन

चेनकुप्पीला टांगलेलं इंजिन आतून पोकळ आहे. क्रँक नाही, गिअर नाहीत, पिस्टन नाही. बोल्टांनी जोडलेली अ‍ॅल्युमिनियमची दोन अर्धी कवचं आणि त्यांवर एक रिकामा सिलिंडर, एवढंच. भरलेलं इंजिन पुन्हा पुन्हा फ्रेममध्ये उतरवून मापं घ्यायची आणि वर खेचायचं, तर माणसाची कंबर जाईल. म्हणून मापं पक्की होईपर्यंत हे कवच वापरतात. खाली लाकडी ठोकळ्यांवर लाल फ्रेम ठेवली आहे. १९८५ सालची होंडा एटीसी २५० आर: तीन चाकं, एकट्याने बसायची सीट, रुंद हँडल आणि फुगीर टायर. वाळूत, चिखलात, शेतात चालवायची ही गाडी. तिचं मूळ इंजिन कोपऱ्यात एका पेटीत पडून आहे. कधीकाळी धावताना चेन तुटली, पुढच्या दातेरी चाकामागे गोळा झाली आणि इंजिनाच्या कवचाला भगदाड पाडून गेली. वर टांगलेलं कवच होंडाच्याच सीआर ५०० आर या मोटोक्रॉसच्या दुचाकीचं आहे.

गाव ब्रॉली, कॅलिफोर्नियाच्या अगदी दक्षिणेला, इंपीरियल व्हॅलीत. बाहेर मैलोन् मैल लसूणघासाची शेतं, कालव्याच्या पाण्यावर हिरवीगार. आणि पूर्वेला अर्ध्या तासाच्या अंतरावर ग्लॅमिसचे वाळूचे डोंगर. गॅरेज ज्यांचं आहे त्यांनी आयुष्यभर शेतीची अवजारं आणि ट्रॅक्टर दुरुस्त केले. मेक्सिकन वंशाचे, सत्तरीचे, बोलणं मोजकं. गावातले सगळे त्यांना मिस्त्रीच्या मानाने हाक मारतात, म्हणून मीही त्यांना मिस्त्रीच म्हणते. गाडी आहे आमच्या एका कोल्हापूरकर स्नेह्यांची. हे माझ्या यजमानांचे वर्गमित्र, सॅन डिएगोत नोकरीला. वडिलांचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं, शाळेच्या सुट्ट्या त्यातच गेल्या.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘दुरुस्ती’ हा विषय कळवला, तेव्हा मला पहिली ही गाडी आठवली. जिचं उत्पादन बंद होऊन चार दशकं होत आली, जिचे सुटे भाग कंपनीकडे मिळत नाहीत आणि जी विकणंच तिच्या निर्मात्यांनी सरकारशी करार करून थांबवलं, अशी गाडी दुरुस्त करायची म्हणजे काय करायचं? आणि तिच्यात मुळात नव्हतं असं, जवळजवळ दुप्पट आकाराचं इंजिन बसवलं, तर त्याला दुरुस्ती म्हणायचं का?

‘‘वहिनी, जुनं इंजिन जोडायचा खर्च ऐकला तर तुम्ही म्हणाल गाडी भंगारात द्या,’’ स्नेही म्हणाले. २५० आर तीनचाकीची पाण्याने थंड होणारी इंजिनं १९८५ आणि ८६ या दोन वर्षांच्याच गाड्यांत आली. चांगलं कवच आता शोधूनही मिळत नाही, मिळालं तर मालक सोडत नाही. सीआर ५०० मात्र २००१ सालापर्यंत बनत होती. पडक्या, फ्रेम मोडलेल्या सीआर अजून इथल्या कोठारांत सापडतात. एक गाडी फ्रेमने मेलेली, दुसरी इंजिनाने. दोघींतून एक उभी करायची, हा इथला सरळ हिशेब.

हिवाळ्यात काय विकायचं?

अमेरिकेतल्या होंडा विक्रेत्यांची साठच्या दशकात एक तक्रार होती. हिवाळा आला की मोटरसायकली कुणी घेत नाही, दुकानं ओस पडतात. बर्फातही विकली जाईल अशी काहीतरी वस्तू द्या, अशी मागणी १९६७ साली जपानकडे गेली. ओसामू ताकेउची या इंजिनियरकडे हे काम आलं. त्यांनी दोन चाकांपासून सहा चाकांपर्यंत सगळ्या रचना करून पाहिल्या. बर्फ, चिखल, निसरडे उतार आणि छोट्या इंजिनाची मर्यादित ताकद, या सगळ्यांत तीन चाकं सरस ठरली. चाकं रुतत होती, त्यावरचा उपाय त्यांना अमेरिकेतल्याच एका सहाचाकी, पाण्यातही चालणाऱ्या वाहनात सापडला: मोठे, मऊ, जवळजवळ हवा नसलेले टायर. मोटारीच्या टायरमध्ये तीसेक पौंड हवा असते, यात दोन-तीन पौंड पुरते. १९७० साली ५९५ डॉलरला ही गाडी बाजारात आली. ८९ सीसीचं इंजिन, सात अश्वशक्ती. तिला सस्पेन्शन नव्हतंच. टायरातली हवा हेच तिचं सस्पेन्शन.

आपल्याकडे तीन चाकं म्हटलं की रिक्षा. पण आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेल्या रिक्षात आणि या गाडीत एक मूलभूत फरक आहे. रिक्षाच्या मागच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल असतं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. डिफरन्शियल दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं. एटीसीला ते नाही. मागची दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर, एकाच वेगाने फिरतात. त्यामुळे नुसतं हँडल वळवलं तर गाडी वळत नाही, सरळच जायला बघते. बसणाऱ्याने अंग वळणाच्या आतल्या बाजूला झोकायचं, वजन बाहेरच्या पायदानावर टाकायचं, आतलं चाक हलकं करून थोडं घसरू द्यायचं, मग ती वळते. इथे चालवणाऱ्याचं शरीर हाच डिफरन्शियल आहे.

ज्याला हे जमलं त्याला ही गाडी विलक्षण आनंद देते. जमलं नाही त्याला ती पाडते. तीन चाकं जमिनीवर टेकतात त्या तीन बिंदूंचा त्रिकोण होतो. पुढचं टोक अरुंद. वळताना ब्रेक लावला की वजन पुढे आणि बाहेर जातं, त्रिकोणाची तिरकी बाजू ओलांडतं आणि गाडी कोलमडते. दुचाकीची सवय असलेला माणूस तोल जाताच पाय खाली टेकवतो. इथे पाय टेकवला की मागचं रुंद चाक त्यावरून जातं. जुने चालवणारे नवख्याला सगळ्यात आधी हेच सांगतात: काय वाट्टेल ते झालं तरी पाय पायदानावर.

दोन सूत

मला वाटलं होतं, इंजिन कुठे बसवायचं हे जागा बघून ठरवतात. मिस्त्रींनी इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. ते आधी मागच्या अ‍ॅक्सलपाशी बसले. अ‍ॅक्सलवरच्या दातेरी चाकाला त्यांनी एक सरळ पोलादी पट्टी चिकटवून धरली आणि तिच्या रेषेत पुढपर्यंत दोरा ताणला. या दोऱ्यावर इंजिनाचं पुढचं दातेरी चाक आलं पाहिजे. इंजिनाची जागा चेन ठरवते, बाकी सगळं तिच्यामागून.

कवच खाली उतरवलं. दोऱ्यापासून ते दोन सूत उजवीकडे पडलं. स्नेही अजूनही सुतातच मोजतात, इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, आणि अमेरिकेत इंच चालू असल्याने त्यांचं कुठे अडत नाही. दोन सूत म्हणजे सहा मिलिमीटरहून थोडं जास्त. एवढ्या फरकाने चेन रोज थोडी थोडी कडेने झिजते, तापते आणि एक दिवस सुटते. ती सुटली की काय होतं हे कोपऱ्यातल्या पेटीत दिसत होतंच. आता इंजिन डावीकडे सरकवायचं, तर फ्रेमची नळी आडवी येते. मग पुढच्या दातेरी चाकाला बाहेरून खोली द्यायची, थोडं इंजिन सरकवायचं, थोडं अ‍ॅक्सलवरच्या चाकाखाली वायसर घालायचं. तिघांत मिळून ते दोन सूत वाटून घेतले. एका जागी सगळा फरक भरून काढला असता तर तिथली बेअरिंग लवकर गेली असती.

मागचा हात, म्हणजे स्विंगआर्म, ज्या बोल्टावर वरखाली होतो तो बोल्ट सीआरमध्ये इंजिनाच्या मागच्या भागातून आरपार जातो. यात मोठी युक्ती आहे. पुढचं दातेरी चाक या बोल्टाच्या जितकं जवळ, तितका चेनचा ताण चाक वरखाली होताना सारखा राहतो. लांब गेलं की एका जागी चेन ताणून तुटायला येते आणि दुसऱ्या जागी लोंबते. म्हणून इंजिन पुढे सरकवून जागा करायचा सोपा मार्ग इथे बंद. तीनचाकीच्या फ्रेममधली या बोल्टाची भोकं आणि दुचाकीच्या इंजिनातलं भोक यांची रुंदी जुळत नव्हती. बुश करायला हवे होते. स्नेह्यांनी गॅरेजच्या मागच्या जुन्या लेथवर पोलादाचा तुकडा बांधला. वडिलांनी त्यांना मापाआधी हाताने चाचपायला शिकवलं होतं, ते म्हणाले. कट घेतल्यावर अंगठ्याने धार बघायची आणि मगच मायक्रोमीटर लावायचा. पहिला बुश बोल्टावर चढला आणि आपल्या वजनाने सावकाश खाली घसरला. मिस्त्रींनी नुसती मान हलवली. त्या मान हलवण्याचा स्नेह्यांना झालेला आनंद मी पाहिला.

वरच्या बाजूला वेगळीच अडचण. पाचशे सीसीच्या सिलिंडरची उंची जास्त, डोकं टाकीखालच्या मुख्य नळीला टेकतं. कसंबसं बसवता येईल, पण मग स्पार्क प्लग काढायला पाना शिरत नाही. वाळवंटात प्लग बदलायला इंजिन खाली उतरवावं लागणार असेल तर ती गाडी कितीही वेगवान असो, निकामीच. म्हणून नळी कापून वर उचलायची. फ्रेम कापायच्या आधी कवच सगळ्या बोल्टांनी घट्ट आवळून ठेवलं, कारण वेल्डिंगने तापलेलं लोखंड थंड होताना आखडतं आणि फ्रेम वाकडी ओढली जाते. आधी चार ठिकाणी फक्त टाके. मग दोरा पुन्हा. मग डावीकडे एक बोटभर शिवण, थंड होऊ द्यायची, मग उजवीकडे बोटभर. टाके मारायला मिनिटं लागली, शिवण पूर्ण व्हायला अख्खी दुपार. गडबडीत एका बाजूने सलग वेल्डिंग मारलेल्या फ्रेमी मिस्त्रींनी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्या सरळ रस्त्यावर एकीकडे ओढतात आणि मालक टायरांना दोष देत बसतो.

दात मोजण्यातही गंमत आहे. दुचाकीचं मागचं चाक टायरसकट साडेसव्वीस इंचांच्या आसपास, तीनचाकीचं वीस ते बावीस. चाक लहान म्हणजे एका फेरीत गाडी कमी पुढे जाणार. दुचाकीला मागे पन्नास दातांचं चाक असेल तर इथे चाळीसेक दातांनी तेवढाच वेग मिळतो. ते बरंच झालं, कारण पन्नास दातांचं चाक पंचवीस सेंटिमीटर व्यासाचं होतं आणि मऊ टायर दबला की दगडांना घासायला लागतं. चाळीस दातांचं वीस सेंटिमीटरच भरतं.

फुगीर नळी

सीआरचं इंजिन टू-स्ट्रोक. अशा इंजिनात फोर-स्ट्रोकसारख्या झडपा नसतात. पिस्टनच खालीवर होताना भिंतीतली दारं उघडतो आणि मिटतो. जळका वायू बाहेर जातो तेव्हाच ताजं मिश्रण आत येतं, आणि त्यातलं काही तसंच बाहेर निसटतं. ही गळती थांबवायची कामगिरी धुराच्या नळीकडे असते. म्हणून ती पखवाजाच्या घाटाची, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती करतात. वायूचा धक्का फुगवट्यातून पुढे जातो, निमुळत्या टोकावर आपटून परततो आणि निसटलेलं ताजं मिश्रण दार मिटायच्या आत परत सिलिंडरमध्ये ढकलतो. नळीची लांबी चुकली की धक्का लवकर किंवा उशिरा परततो आणि इंजिन मरगळतं.

ही विद्या पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन यांनी पन्नासच्या दशकात सिद्धीला नेली. १९६१ साली त्यांचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पळून गेला आणि ते ज्ञान घेऊन जपानला सुझुकीकडे पोहोचला. पुढच्याच वर्षी सुझुकीला पहिलं जगज्जेतेपद मिळालं. नंतरच्या टू-स्ट्रोक गाड्यांमागे, आपल्या आरएक्स १०० च्या टणत्कारामागेही, त्या कारखान्यातल्या मेहनतीचा अंश आहे. बर्लिनची भिंत उभी राहायला लागल्यावर पाचेक आठवड्यांतच एक माणूस डोक्यात नळीची मापं घेऊन देश सोडतो, ही गोष्ट मला कुठल्याही हेरकथेपेक्षा थरारक वाटते.

सीआरची मूळ नळी तीनचाकीत बसत नाही. तिच्या वाटेत रेडिएटर येतो आणि चालवणाऱ्याचा गुडघाही. वाकवावी तर फुगवटा चेपतो, आकारमान बदलतं. म्हणून मिस्त्रींनी ती कापून तिरक्या चकत्या केल्या. प्रत्येक चकती थोडी फिरवून पुढचीला जोडायची, म्हणजे मधल्या रेषेची लांबी तीच राहते आणि नळी वळते. शिवणी आतून गुळगुळीत हव्यात. हे काम पाहताना मला जाणवलं की ताकद वाढवणं सोपं आहे, दुसऱ्या गाडीची असलेली ताकद न सांडता इकडे आणणं अवघड.

पाणी, हवा आणि विजेच्या जोडण्या त्यामानाने लवकर उरकल्या. हवेचा फिल्टर मात्र तेलात भिजवून, कडेला ग्रीस लावून बसवला. बारीक वाळू एकदा सिलिंडरमध्ये शिरली की पिस्टनचं आयुष्य तासांत मोजायचं.

करार

गाडीच्या टाकीवर वयाचा इशारा देणारी जुनी पट्टी आहे. ती स्नेह्यांनी रंगकामात काढू दिली नाही.

ऐंशीच्या दशकात या गाड्या अमेरिकेत घरोघरी गेल्या. लहान मुलांना वाढदिवसाला दिल्या गेल्या. फुगीर टायर आणि तीन चाकं पाहून आईबापांना ते मोठं खेळणं वाटलं. अपघात वाढत गेले. पाठीचे कणे मोडले, डोकी फुटली, मृतांमध्ये सोळा वर्षांखालची मुलं मोठ्या संख्येने होती. ग्राहकांच्या सुरक्षेसाठी असलेल्या केंद्रीय आयोगाने चौकशी केली, सरकार न्यायालयात गेलं, आणि एप्रिल १९८८ मध्ये होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि पोलारिस या कंपन्यांनी दहा वर्षांचा करार मान्य केला. तीनचाकींची विक्री बंद, मोठ्या आकाराच्या चारचाकी सोळा वर्षांखालच्यांसाठी विकायच्या नाहीत, गिऱ्हाइकांना प्रशिक्षण द्यायचं. पुढे २००८ च्या कायद्याने नव्या तीनचाकी आणण्यावर आणि विकण्यावर बंदीच आली. जुन्या बाळगायला आणि चालवायला मात्र मनाई झाली नाही.

तो करार योग्यच होता असं माझं ठाम मत आहे. नऊ वर्षांच्या पोराने शरीराचा डिफरन्शियल करावा, ही अपेक्षाच क्रूर आहे. आणि तरीही, गॅरेजमधल्या दोघांचं काम मला पटतं. त्यांना ही गाडी काय करू शकते ते ठाऊक आहे, ते ती कुणाच्याही हाती देत नाहीत, आणि गाडी मोडून टाकली असती तर तिच्यातलं शहाणपणही गेलं असतं. पाचशेचं इंजिन घालण्याबद्दल माझा विरोध होता, तो मी बोलून दाखवला. सुमारे साठ अश्वशक्ती, सव्वाशे-दीडशे किलोच्या गाडीत. स्नेह्यांनी ऐकून घेतलं आणि मागचा अ‍ॅक्सल दाखवला: मूळच्यापेक्षा रुंद आणि जाड. त्रिकोणाचा पाया वाढवला होता, बसायची उंची कमी केली होती. ‘‘इंजिनाच्या आधी हे केलं,’’ म्हणाले. माझी भीती गेली नाही, पण कामाचा क्रम बघून विश्वास वाटला.

स्नेह्यांचा मुलगा पंधरा वर्षांचा. वडिलांशी इंग्रजीत, मिस्त्रींशी शाळेत शिकलेल्या स्पॅनिशमध्ये बोलतो. टाके मारायला तो शिकला, नळीच्या दोन शिवणी त्याच्या आहेत. गाडी मात्र त्याने चालवायची नाही. यावर घरात वाद झाले, तरी निर्णय बदलला नाही.

ग्लॅमिस

वाळूचा मोसम इथे ऑक्टोबरच्या अखेरीला, दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. उन्हाळ्यात या वाळूवर उभं राहवत नाही. हायवे ७८ च्या दक्षिणेला तंबू, ट्रेलर, जनरेटर यांचं एक गावच उभं राहतं; रस्त्याच्या उत्तरेचा पट्टा निसर्गासाठी राखीव, तिथे गाड्यांना बंदी. चाळीस मैलांहून लांब पसरलेल्या या टेकड्यांत वळसा घेणारी गाडी पलीकडून दिसत नाही, म्हणून प्रत्येक वाहनाला जमिनीपासून आठ फूट उंच काठीवर झेंडा लावावा लागतो. झेंडा आधी दिसतो, माणूस नंतर.

टाकीत पेट्रोलमध्ये तेल मोजून मिसळलं. स्कूटरसाठी पंपावर ऑइल मागून घेण्याचे दिवस ज्यांना आठवतात त्यांना त्या धुराचा वास लगेच ओळखू येईल. किक मारण्यालाही पद्धत आहे. पायाने हळू दाबत पिस्टन वरच्या टोकापर्यंत आणायचा, किंचित पुढे जाऊ द्यायचा, मग किक वर घेऊन एकदम पूर्ण वजनाने खाली. अर्धवट मारली तर उलटा झटका बसतो आणि घोटा जातो. स्नेह्यांनी जाड बूट घातले होते. तिसऱ्या किकला इंजिन लागलं आणि हँडल, चिखलरोधक, झेंड्याची काठी, सगळं थरथरायला लागलं. एवढ्या मोठ्या एकाच पिस्टनचा हादरा तोलणारं काही या इंजिनात नाही. मिस्त्रींनी सिलिंडरच्या डोक्यापासून फ्रेमपर्यंत जाड पट्ट्यांचा आधार दिला होता, त्यावर त्यांनी हात ठेवला आणि डोळे मिटून काही वेळ तसेच उभे राहिले.

स्नेही सपाट वाळूवर आधी हळू गेले, मग दुसऱ्या गिअरमध्ये एक मोठं वर्तुळ. अंग आत, वजन बाहेरच्या पायदानावर. आतलं चाक हलकं होऊन वाळू भिरकावत होतं. मग टेकडी. दुसऱ्या गाड्या खालून वेग घेऊन, गिअर बदलत चढत होत्या. ही तिसऱ्या गिअरमध्ये अर्ध्या उतारावरून निघाली आणि न दमता माथ्यावर पोहोचली. पुढचं चाक दोनदा उचललं गेलं, दोन्ही वेळा त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर सोडून ते खाली आणलं.

परत आल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मिस्त्रींनी आधी प्लग काढला. टोक फिकट राखाडी होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय आणि इंजिन गरजेपेक्षा जास्त तापतंय. तपकिरी दिसायला हवं होतं. मोठं जेट घालायचं ठरलं. चेन चाचपली, ती कोमट होती, कडेला झीज नव्हती. पट्टीचा एक बोल्ट सैल झाला होता. मुलाने वहीत लिहून घेतलं: जेट, बोल्टाला लॉक वायसर, पुढे एक दात जास्त. कारण तिसऱ्या गिअरमध्ये एवढी ओढ असेल तर चौदाऐवजी पंधरा दात सहज चालतील, इंजिन कमी फिरेल आणि हादराही कमी होईल. मागच्या ब्रेकबद्दल मिस्त्रींचं समाधान नव्हतं. उतारावर थांबताना गाडी हवी त्यापेक्षा लांब गेली होती. मोठी डिस्क बसेपर्यंत टेकडी बंद, असं त्यांनी सांगितलं. स्नेह्यांनी लगेच गाडी ट्रेलरवर चढवली.